मनोरंजनाचे जलाशय, जुनी धरणे आणि धोक्याचे वर्गीकरण

(रांझी, जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



धरण हा शब्द उच्चारताच भाक्रा, कोयना, नागार्जुनसागर किंवा जबलपूरकरांच्या परिचयाचे नर्मदेवरील बर्गी अशी भव्य नावे डोळ्यांसमोर येतात. अशा धरणांवर अभियंत्यांची नेमणूक असते, मोजमापाची उपकरणे असतात, वर्तमानपत्रांतून त्यांच्या पाणीसाठ्याची आकडेवारी नियमितपणे प्रसिद्ध होते. परंतु धरणसुरक्षेचा इतिहास पाहिला असता असे आढळते की, अनेक प्राणघातक दुर्घटना या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या, मध्यम किंवा लहान आकाराच्या आणि मूळ प्रयोजन संपलेल्या बांधांमुळे घडल्या आहेत. त्यातही जो बांध एकेकाळी पाणीपुरवठा, कालवा किंवा वीज यांसाठी बांधला गेला आणि पुढे नौकाविहार, मासेमारी व सहल यांपुरता उरला, त्याची गणना विशेष चिंतेच्या वर्गात करावी लागते. अशा धरणाचा मालक खासगी असेल तर प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. या प्रश्नाचे तांत्रिक अंग महत्त्वाचे आहेच. तथापि त्याच्या मुळाशी एक अर्थशास्त्रीय कोडे आहे. लाभ एकाचा आणि धोका दुसऱ्याचा, अशा स्थितीत सुरक्षेचा खर्च कोणी करावयाचा, हे ते कोडे होय.

जबलपूर हे या चर्चेसाठी योग्य ठिकाण आहे. बावन्न तालांचे शहर ही या नगराची जुनी ओळख. राणीताल, आधारताल, चेरीताल ही नावे गोंड राजवटीतील तलावबांधणीची आठवण आजही जागी ठेवतात. रांझीपासून जवळच, डुमना निसर्ग उद्यानाच्या परिसरात असलेला खंदारी जलाशय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी निर्माण झाला. आज तो सहलीसाठी येणाऱ्यांचेही आकर्षण आहे. हा जलाशय खासगी नाही, महानगरपालिकेचा आहे. परंतु पाण्यासाठी बांधलेला बांध कालांतराने विरंगुळ्याचे स्थान कसा बनतो आणि त्याच्या भोवतालचे शहर कसे वाढते, हे समजून घेण्यास त्याच्याइतके जवळचे उदाहरण नाही.

धोका आणि प्रकृती : दोन निराळ्या कसोट्या

परीक्षार्थींचा सर्वाधिक गोंधळ जेथे होतो, तो मुद्दा प्रथम स्पष्ट करणे इष्ट ठरेल. धरणाचे धोका-वर्गीकरण आणि धरणाच्या प्रकृतीचे मूल्यमापन या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखादे धरण ‘उच्च धोका’ या वर्गात आहे याचा अर्थ ते मोडकळीस आले आहे, असा होत नाही. ते फुटलेच, तर खालच्या बाजूला मनुष्यहानी होण्याचा संभव आहे, एवढाच त्याचा अर्थ. याउलट, भेगाळलेले आणि गळके धरण निर्जन रानात असेल, तर ते प्रकृतीने वाईट असूनही कमी धोक्याच्या वर्गात मोडू शकते. पहिली कसोटी परिणामांची आहे, दुसरी संभाव्यतेची. या दोहोंचा एकत्रित विचार केला म्हणजे जोखीम निश्चित होते.

अमेरिकेत रूढ असलेल्या पद्धतीनुसार धरणांचे उच्च, लक्षणीय आणि अल्प असे तीन वर्ग केले जातात. मनुष्यहानी संभवत असेल तर उच्च. मनुष्यहानी नाही परंतु आर्थिक, पर्यावरणीय किंवा आवश्यक सेवांची हानी मोठी असेल तर लक्षणीय. आणि नुकसान बहुतांशी मालकापुरतेच मर्यादित राहणार असेल तर अल्प. या विभागणीतील शेवटचा शब्दप्रयोग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक वाचावा. नुकसान मालकापुरते आहे की त्याच्या कुंपणाबाहेर जाते, हाच या वर्गीकरणाचा गाभा आहे.

भारतात दीर्घकाळ वेगळी दृष्टी प्रचलित होती. भारतीय मानक ब्युरोच्या १९८५ च्या मानकाने धरणांचे लहान, मध्यम व मोठी असे वर्ग साठवणक्षमता आणि पाण्याची उंची यांच्या आधारे केले. लहान धरणाचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी, मध्यम धरणाचा प्रमाण प्रकल्प पुरासाठी आणि मोठ्या धरणाचा संभाव्य महत्तम पुरासाठी पुरेसा असावा, असे त्याचे सूत्र होते. खालच्या भागातील वस्ती विचारात घेऊन अधिक कडक निकष लावण्यास त्यात मुभा होती. परंतु मूळ मोजपट्टी आकाराचीच राहिली.

येथे ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांविषयीचा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अशा पुराची शक्यता दरवर्षी १ टक्का असते. सलग ५० वर्षांच्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के होते. म्हणजेच, केवळ या पुरासाठी सांडवा असलेले लहान धरण आपल्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात एकदा तरी क्षमतेच्या कडेवर येईल, ही शक्यता नाणेफेकीहून फारशी कमी नाही. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की भराव झपाट्याने कातरला जातो. म्हणूनच अपुरा सांडवा हा मातीच्या धरणांचा सर्वांत मोठा शत्रू मानला जातो.

साउथ फोर्कचा धडा

खासगी मनोरंजनासाठी राखलेल्या जुन्या धरणाची सर्वाधिक अभ्यासली गेलेली दुर्घटना अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात घडली. साउथ फोर्क येथील मातीचे धरण त्या राज्याने कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधले आणि ते १८५३ मध्ये पूर्ण झाले. परंतु तोवर रेल्वे आली होती व कालव्याची उपयुक्तता संपत चालली होती. धरण रेल्वे कंपनीकडे आणि तेथून खासगी हातांत गेले. मधल्या एका मालकाने धरणाच्या तळातील लोखंडी विमोचक नळ काढून भंगारात विकले. परिणामी, जलाशयातील पाणी गरजेनुसार खाली सोडण्याचे साधनच नाहीसे झाले. १८७९ मध्ये ही मालमत्ता साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लबकडे आली. अँड्र्यू कार्नेगी व हेन्री फ्रिक यांच्यासारखे उद्योगपती या क्लबचे सदस्य होते. धरणमाथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा काहीसा खाली आणला गेला. जलाशयातील मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या गेल्या. काढलेले नळ पुन्हा बसवले गेले नाहीत.

धरणाच्या खाली सुमारे २२ किलोमीटरवर जॉन्सटाउन हे पोलादनिर्मितीचे गाव होते. तेथील केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये आपल्या अभियंत्याकडून धरणाची पाहणी करून घेतली. पाणी सोडण्याची सोय नाही आणि पूर्वीच्या खिंडाराची दुरुस्ती सदोष आहे, असे दोन दोष अभियंत्याने दाखवून दिले. दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारीही मॉरेल यांनी दर्शवली. क्लबने ती नाकारली. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीनंतर दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले आणि तासाभराच्या आत लोंढा जॉन्सटाउनवर येऊन आदळला. २,२०९ माणसे मृत्युमुखी पडली. क्लबला न्यायालयात उत्तरदायी ठरवता आले नाही.

रोनाल्ड कोस यांनी १९६० मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादले की, हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींना खर्च नसेल, तर बाधक व बाधित परस्परांत तडजोड करून कार्यक्षम मार्ग काढू शकतात. जॉन्सटाउनमध्ये बाधित पक्ष पैसे देण्यास तयार असूनही तडजोड झाली नाही. कारण हक्क स्पष्ट नव्हते. क्लबवर कायद्याचे बंधन नव्हते. आणि एका कंपनीच्या पाठीमागे असलेल्या हजारो रहिवाशांना वाटाघाटीच्या मेजावर स्थानच नव्हते. जेथे बाधितांची संख्या मोठी आणि धोका दुर्मीळ पण भयंकर असतो, तेथे खासगी तडजोडीवर विसंबून चालत नाही, हा या घटनेचा आर्थिक निष्कर्ष होय.

मालकाचा हिशेब आणि समाजाचा हिशेब

हा निष्कर्ष एका काल्पनिक उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, एका विश्रामस्थळाच्या मालकाकडे जुने मातीचे धरण आहे. ते फुटण्याची शक्यता दरवर्षी १ टक्का आहे. सांडवा रुंद करून ही शक्यता जवळजवळ नाहीशी करण्यास १ कोटी रुपये लागतात. धरण फुटल्यास मालकाचे नुकसान ५० लाखांचे आणि खालच्या वस्तीचे, केवळ मालमत्तेपुरते, ४० कोटींचे आहे. व्याजाचा दर ८ टक्के धरल्यास दुरुस्तीचा वार्षिक भार ८ लाख रुपये पडतो. मालकाच्या दृष्टीने वार्षिक अपेक्षित नुकसान अवघे ५० हजार रुपये असल्याने त्याला दुरुस्ती परवडत नाही. समाजाच्या दृष्टीने मात्र हेच नुकसान वर्षाला ४० लाख ५० हजार रुपये आहे. म्हणजे दुरुस्ती न करणे हाच मोठा तोटा आहे. मनुष्यहानीचा या हिशेबात समावेशही केलेला नाही.

या उदाहरणातील मालक दुष्ट नाही. तो आपल्या हिशेबाने चालला आहे आणि दोष त्या हिशेबाच्या चौकटीत आहे. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. मर्यादित दायित्वाच्या तत्त्वामुळे हा दोष आणखी वाढतो. मिशिगन राज्यातील १९२४ चे ईडनव्हिल धरण हे त्याचे अलीकडचे उदाहरण होय. तेथील जलाशयाभोवती घरे व नौकाविहाराची मोठी वसाहत होती. सांडव्याची क्षमता वाढवण्याबाबत वारंवार सांगूनही पूर्तता न झाल्याने संघीय नियामकाने २०१८ मध्ये खासगी मालक कंपनीचा वीजनिर्मिती परवाना रद्द केला. १९ मे २०२० रोजी धरण फुटले. त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नुकसानभरपाई ज्या कंपनीकडून मिळावयाची, तिच्याकडे धरणाव्यतिरिक्त फारसे काही नसेल, तर नंतरचा दावा कागदावरच राहतो. दिलासा देणारी बाब एवढीच की, सुमारे दहा हजार लोकांना वेळेवर हलवण्यात आले आणि पुरात कोणीही दगावले नाही.

कायद्याने या समस्येला दिलेले उत्तरही एका खासगी जलाशयातूनच आले आहे. इंग्लंडमधील एका गिरणीमालकाच्या जलाशयाचे पाणी शेजारच्या खाणीत शिरले. त्या ‘रायलंड्स विरुद्ध फ्लेचर’ खटल्यात १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने असे तत्त्व मान्य केले की, जो आपल्या जमिनीवर निसटल्यास अपाय करील अशी वस्तू साठवतो, तो निष्काळजीपणा सिद्ध न होताही नुकसानीस जबाबदार असतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील ओलियम वायुगळती प्रकरणात त्यापुढे जाऊन १९८६ मध्ये घातक उद्योगांसाठी अपवादरहित, म्हणजेच निरपवाद दायित्वाचे तत्त्व मांडले. तथापि, दायित्व हे दुर्घटनेनंतरचे शस्त्र आहे. वर्गीकरण आणि तपासणी ही दुर्घटनेपूर्वीची साधने आहेत.

भारतीय कायद्याची वाटचाल

११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मच्छू-२ धरण अतिवृष्टीत माथ्यावरून पाणी वाहून फुटले आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. त्याच वर्षी केंद्रीय जल आयोगात धरण सुरक्षा संघटना स्थापन झाली. पुढे १९८७ मध्ये राष्ट्रीय धरण सुरक्षा समिती आली. परंतु या यंत्रणांना वैधानिक अधिकार नव्हते. त्या सल्ला देऊ शकत होत्या, आज्ञा नव्हे. पाणी हा राज्यसूचीतील १७ व्या नोंदीचा विषय असल्याने केंद्रीय कायद्याचा मार्ग सोपा नव्हता. २०१० व २०१८ ची विधेयके लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाली. अखेरीस संघसूचीतील ५६ व ९७ या नोंदींचा आधार घेऊन आणलेले २०१९ चे विधेयक संसदेत संमत झाले आणि धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आला.

या अधिनियमाने राष्ट्रीय स्तरावर समिती व प्राधिकरण आणि राज्य स्तरावर समिती व धरण सुरक्षा संघटना अशी चौपदरी रचना उभी केली. ‘मालक’ या संज्ञेत केंद्र व राज्य शासनांबरोबर सार्वजनिक उपक्रम, स्थानिक संस्था आणि कंपन्या यांचाही समावेश आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी, मोठा पूर किंवा भूकंप झाल्यास विशेष तपासणी, देखभालीसाठी निधीची तरतूद, आपत्कालीन कृती आराखडा आणि स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाकडून ठरावीक कालावधीने सर्वंकष मूल्यमापन ही मालकाची कर्तव्ये आहेत. राज्य संघटनेने प्रत्येक विनिर्दिष्ट धरणाचे दुर्बलता व धोका या दोन्ही अंगांनी वर्गीकरण करावयाचे आहे. निदेशांचे पालन न केल्यास एक वर्षापर्यंत आणि त्यामुळे जीवितहानी झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

देशात सहा हजारांहून अधिक विनिर्दिष्ट धरणे आहेत. त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आणि मध्य प्रदेशाचा दुसरा लागतो. दोनशेहून अधिक धरणांनी वयाची शंभरी ओलांडली आहे. धरण पुनर्वसन व सुधारणा प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात, २०१२ ते २०२१ या काळात, मध्य प्रदेशासह सात राज्यांतील २२३ धरणांची कामे झाली; पुढील टप्प्यांत १९ राज्यांतील ७३६ धरणे घेण्यात आली. शासकीय धरणांना अशा प्रकारे निधीचा मार्ग मोकळा झाला आहे. खासगी लहान जलाशयांना तो उपलब्ध नाही.

उंचीच्या मोजपट्टीतून निसटणारे बांध

अधिनियमाच्या कक्षेत कोणते धरण येते? १५ मीटरहून उंच असलेले प्रत्येक धरण. १० ते १५ मीटर उंचीचे धरण मात्र काही अटींपैकी एखादी पूर्ण करीत असेल तरच : माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर, महत्तम पूरविसर्ग किमान २,००० घनमीटर प्रतिसेकंद, पायाची विशेष अडचण किंवा अपारंपरिक रचना. १० मीटरहून कमी उंचीचे बांध कक्षेबाहेर राहतात.

या कसोट्या अमेरिकेतील केली बार्न्स धरणाला लावून पाहणे उद्बोधक ठरेल. जॉर्जिया राज्यातील टोकोआ फॉल्स येथील हे धरण मुळात वीजनिर्मितीसाठी बांधले गेले. १९५७ मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि जलाशय एका खासगी महाविद्यालयाच्या विरंगुळ्याचे स्थान बनला. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटेपूर्वी, पावसाच्या रात्री, ते फुटले. खाली महाविद्यालयाची निवासी वसाहत झोपेत होती. ३९ जणांचा मृत्यू झाला. या धरणाची उंची सुमारे १२ मीटर, माथ्याची लांबी सव्वाशे मीटरहून कमी आणि फुटतेवेळचा साठा ८ लाख घनमीटरांहून कमी होता. म्हणजेच, आकाराच्या कसोट्यांवर ते आजच्या भारतीय अधिनियमानुसार विनिर्दिष्ट धरण ठरले नसते.

त्या दुर्घटनेनंतर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी बिगरसंघीय, उच्च धोक्याच्या धरणांची तपासणी करण्याचे आदेश दिले. त्यासाठीचा कायदा १९७२ पासून अस्तित्वात होता. निधीअभावी काम रखडले होते. तपासलेल्या सुमारे ८,८०० धरणांपैकी जवळपास एक तृतीयांश असुरक्षित आढळली. इंग्लंडने वेगळा मार्ग चोखाळला आहे. तेथील १९७५ च्या कायद्याचा मुख्य निकष उंची नसून साठा आहे : जमिनीच्या पातळीवर २५,००० घनमीटरांहून अधिक पाणी साठवणारा जलाशय नियंत्रणाखाली येतो; वेल्समध्ये २०१६ पासून ही मर्यादा १०,००० घनमीटर करण्यात आली. अर्थात, भारतासारख्या लक्षावधी तलावांच्या देशात प्रत्येक बांधाला एकच कडक नियम लावणे व्यवहार्य नाही. म्हणूनच सरसकट उंची कमी करण्याऐवजी, खालच्या बाजूला वस्ती आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारणे अधिक किफायतशीर ठरेल.

मराठी मुलुखाचा अनुभव

खासगी मालकीचे बांध ही मराठी मुलुखाला अपरिचित गोष्ट नाही. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. त्या राज्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आजच्या जिल्ह्यांत मालगुजारांच्या काळातील सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. मालकी बदलली, परंतु दरवर्षी पाळीवर माती टाकणारी, सांडवा साफ करणारी स्थानिक व्यवस्था त्याबरोबर आपोआप हस्तांतरित झाली नाही. मालकी आणि देखभाल या दोन गोष्टी एकत्र चालल्या नाहीत तर काय होते, याचा हा मोठा धडा आहे.

दुसरीकडे, सह्याद्रीच्या माथ्यावर खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील वीजकेंद्रांसाठी टाटा समूहाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली धरणे खासगी मालकीचीच आहेत. त्यांना वीजविक्रीचे नियमित उत्पन्न असल्याने देखभालीचा खर्च त्या उत्पन्नातून भागवता येतो. यावरून असे दिसते की, प्रश्न केवळ खासगी मालकीचा नसून उत्पन्नाच्या स्रोताचाही आहे. ज्या धरणाचे मूळ उत्पन्न आटले आणि केवळ विरंगुळा उरला, तेथे देखभालीचा खर्च सर्वांत आधी कापला जातो.

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटून वीसहून अधिक ग्रामस्थांचा बळी गेला. ते धरण शासकीय, लघुपाटबंधारे वर्गातले आणि जेमतेम वीस वर्षांचे होते. गळतीविषयी गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. लहान आकार आणि कमी वय हे सुरक्षेची हमी देत नाहीत, हे त्यातून कळले. याच्या उलट चित्र मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात ऑगस्ट २०२२ मध्ये दिसले. कारम नदीवरील बांधकामाधीन मातीच्या धरणातून गळती सुरू होताच खालची १८ गावे रिकामी करण्यात आली, बाजूने चर खोदून पाणी सोडण्यात आले आणि एकही जीव गेला नाही. बांधकामातील उणीव उणीवच राहते. परंतु खालची गावे कोणती, हे ठाऊक असल्यामुळे माणसे वाचली.

विरंगुळ्याच्या जलाशयांना आणखी एक धोका असतो : धरण शाबूत असतानाही गर्दीला असणारा धोका. लोणावळ्याचे भुशी धरण रेल्वेच्या पाण्यासाठी बांधले गेले आणि आता पावसाळी सहलीसाठी प्रसिद्ध आहे. ३० जून २०२४ रोजी त्याच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. सांडव्याच्या आणि ओढ्याच्या पात्रात माणसे उभी असतील, तर धरण न फुटताही पाण्याची अचानक झालेली वाढ प्राणघातक ठरते. धोका-वर्गीकरण करताना या तात्पुरत्या लोकसंख्येचीही गणना व्हावयास हवी.

सरकता धोका

वर्गीकरण हे एकदा करून दप्तरात ठेवण्याचे काम नाही. रांझीचेच उदाहरण घ्यावे. १९०४ मध्ये तोफगाडी कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथील आयुध निर्माणी आणि १९६९ मध्ये वाहन निर्माणी, असे एकामागून एक उद्योग जबलपूरच्या या बाजूला आले आणि रांझीच्या परिसरात दाट वस्ती वाढत गेली. अशा वाढत्या शहरांच्या भोवती ज्या ओढ्याकाठी पन्नास वर्षांपूर्वी शेते होती, तेथे आज घरे, शाळा, रुग्णालये असू शकतात. ओढ्याच्या वरच्या बाजूला असलेल्या बांधात एक दगडही हललेला नसतो. तरीही त्याचा वर्ग अल्पाकडून उच्चाकडे सरकलेला असतो. तज्ज्ञ याला धोक्याचे सरकणे म्हणतात. विशेष हे की, हे सरकणे धरणाच्या मालकामुळे नव्हे, तर खाली बांधकामाला परवानगी देणाऱ्या नियोजन यंत्रणेमुळे घडते. मग वाढलेल्या सुरक्षेचा खर्च एकट्या मालकाने सोसावा काय? हा प्रश्न न्यायाचा आहे आणि त्याचे उत्तर खर्चाच्या वाटणीत शोधावे लागेल.

या परिसराला भूकंपाचेही परिमाण आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे ४० जण दगावले. नर्मदा खोऱ्यातील भ्रंशरेषांचा हा प्रदेश आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर कोयना धरणाला भेगा गेल्या व त्याचे बळकटीकरण करावे लागले. तेथे तपासणारे अभियंते हजर होते. एखाद्या विश्रामस्थळाच्या मातीच्या बांधाला अशी बारीक भेग गेली, तर ती पाहणार कोण, हा प्रश्न उरतोच.

काय करता येईल?

पहिली गरज नोंदीची आहे. जिल्हानिहाय, मालकी कोणाचीही असो, वस्तीच्या वरच्या बाजूला असलेल्या प्रत्येक बांधाची यादी झाली पाहिजे. उपग्रह छायाचित्रांमुळे हे काम पूर्वीसारखे खर्चिक राहिलेले नाही. दुसरी गरज परिणामाधारित प्राथमिक वर्गीकरणाची आहे. ज्यांच्या खाली वस्ती आहे, तेवढ्याच बांधांची सखोल तपासणी केल्यास मर्यादित मनुष्यबळ योग्य ठिकाणी लागेल. तिसरी गरज अशी की, बांधकाम परवानगी देण्यापूर्वी वरच्या बांधाचा पूररेषा नकाशा पाहणे नगररचना यंत्रणेला बंधनकारक असावे आणि वर्ग बदलत असल्यास विकासकाकडून सुरक्षेच्या खर्चाचा वाटा घेतला जावा.

चौथी गरज आर्थिक हमीची. खासगी मालकाने दायित्व विमा काढावा किंवा ठेव ठेवावी, म्हणजे दिवाळखोरी ही पळवाट राहणार नाही. शिवाय विमा कंपनीचा हप्ता धरणाच्या प्रकृतीनुसार ठरू लागला, तर मालकाच्या हिशेबात समाजाचे नुकसान आपोआप डोकावू लागेल. पाचवी गरज निवृत्तीच्या तरतुदीची. ज्या बांधाचे प्रयोजन संपले आहे आणि दुरुस्ती परवडत नाही, तो सुरक्षितपणे खुला करणे हाही एक सन्मान्य पर्याय असावा. खाणींना जसा बंद करण्याचा आराखडा लागतो, तसाच तो धरणांनाही लागावा. आणि शेवटची, परंतु सर्वांत स्वस्त गरज माहितीची. खालच्या वस्तीतील रहिवाशांना आपल्या वर कोणता बांध आहे, तो कोणाच्या मालकीचा आहे आणि भोंगा वाजल्यास कोणत्या उंचवट्याकडे जावयाचे आहे, हे ठाऊक असले पाहिजे.

उत्तरपत्रिकेत धरण सुरक्षा अधिनियमाची कलमे, चौपदरी रचना आणि उंचीचे निकष लिहिल्यास गुण मिळतील, यात शंका नाही. परंतु उद्या ज्या विद्यार्थ्याच्या हाती तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा कारभार येईल, त्याच्यापुढे प्रश्नपत्रिका निराळी असेल. तेथे एक जुना बांध असेल, ‘आजवर काही झाले नाही’ असे सांगणारा मालक असेल आणि गळतीची तक्रार घेऊन आलेला खालच्या वस्तीतला एखादा माणूस असेल. जॉन्सटाउनमध्ये इशारा नऊ वर्षे आधी देण्यात आला होता. तिवऱ्यातही तो देण्यात आला होता. अशा वेळी तक्रारीचा कागद पुढे सरकवण्याऐवजी पावसाळ्यापूर्वी त्या बांधावर जाऊन उभे राहणे आणि खालच्या दिशेला दिसणारी घरे मोजणे, ही धोका-वर्गीकरणाची पहिली पायरी होय.